मंद आचेचा मुलूख

वाचकहो, मुलामुलींच्या निमित्ताने अमेरिकेत चार-सहा महिने राहून आलेल्या ज्येष्ठांची संख्या आपल्याकडे आता लहान राहिलेली नाही. त्यांच्यापैकी ज्यांचा मुक्काम नॉर्थ कॅरोलिना राज्यात झाला असेल, त्यांना रॉली, डरहम, कॅरी, मॉरिसव्हिल ही नावे परिचित असतील. १९५९ मध्ये येथे रिसर्च ट्रँगल पार्क स्थापन झाले, औषधनिर्मितीच्या आणि संगणकाच्या कंपन्या आल्या आणि त्यांच्या पाठोपाठ आपली माणसेही आली. कॅरीमध्ये व्यंकटेश्वराचे मंदिर आहे, भारतीय किराणा मिळतो, सायंकाळी फिरायला निघाले तर मराठी बोलणे कानावर पडते. त्यामुळे पुष्कळ ज्येष्ठांचा मुक्काम घर, मंदिर आणि किराणा दुकान एवढ्यातच पुरा होतो. ज्या प्रदेशात आपण राहून आलो, त्याच्या चुलीची ओळख मात्र राहूनच जाते.

या प्रदेशाची चूल मोठी आगळी आहे. येथील माणसे डुकराचे मांस लाकडाच्या निखाऱ्यांवर दहा-बारा तास शिजू देतात. ते शिजून इतके मऊ होते की सुरीची गरज उरत नाही. मग ते कापसासारखे पिंजून किंवा सत्तुराने बारीक करून, व्हिनेगरच्या आंबट-तिखट पाण्यात भिजवून मऊ पावात भरतात. यालाच तेथे नुसते ‘बार्बेक्यू’ म्हणतात. नॉर्थ कॅरोलिनात हा शब्द बहुधा कृतीला नव्हे, तर या पदार्थालाच वापरला जातो.

आरोग्यविषयक पाक्षिकात हा विषय कशासाठी, असे आपण विचाराल. कारण असे की, आपल्या घरांतून एक गोष्ट फार हळूहळू आणि कुणाच्या लक्षात न येता घडत असते. दात पडतात, कवळी नीट बसत नाही, चावण्याचा कंटाळा येतो. मग आजोबांचे किंवा आजीचे ताट वेगळे होऊ लागते. मऊ भात, पातळ वरण, दूध-पोळी, खिचडी. ते वेगळे होते तसे जेवणही आधी उरकले जाते आणि घरची पंगत त्यांच्यावाचून बसू लागते. या ताटातून सर्वांत आधी जातात ती प्रथिने. प्रथिने गेली की स्नायू झिजतात, उठता-बसताना आधार लागतो आणि पडण्याचे भय वाढते. ज्या प्रदेशाने कठीणातले कठीण मांस दात नसलेल्या माणसालाही खाता येईल असे करून दाखवले, त्याच्याकडून याबाबतीत काही शिकण्यासारखे आहे. म्हणून ही सफर.

पूर्वेकडची वाट

रॉलीहून पूर्वेला निघालात की सुमारे दीड तासात भूमी सपाट होत जाते. दोन्ही बाजूंना पाइनची झाडे, तंबाखूची आणि रताळ्यांची शेते. अमेरिकेत सर्वाधिक रताळी पिकवणारे राज्य हेच. या सपाट मुलखात एडन नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे पीट जोन्स यांनी १९४७ मध्ये ‘स्कायलाइट इन’ हे खाद्यगृह सुरू केले. त्याच्या छपरावर वॉशिंग्टनच्या संसदभवनासारखा घुमट बसवलेला आहे. इमारतीची बाकीची वस्तू मात्र साधी आहे. आत शिरताच सत्तुरांचा लाकडी ठोकळ्यावर पडणारा ठेका ऐकू येतो आणि मागच्या बाजूला लाकडांच्या राशी दिसतात.

पूर्वेकडची रीत अशी की, अखंड डुक्कर रात्रभर ओक आणि हिकरीच्या निखाऱ्यांवर शिजवायचे. ज्वाला मांसाला लागू द्यायची नाही. लाकूड बाजूला जाळायचे आणि लालबुंद निखारे फावड्याने मांसाखाली पसरत राहायचे. सकाळी सर्व भागांचे मांस एकत्र करून सत्तुराने बारीक करतात, म्हणजे खांद्याचा ओलावा, मांडीचा कोरडेपणा आणि पोटाकडची चरबी सर्वांच्या वाट्याला सारखी येते. वरून व्हिनेगर, लाल मिरची, मिरी आणि मीठ यांचे पातळ पाणी. त्यात टोमॅटो नसतो, हे पूर्वेकडचे लोक अभिमानाने सांगतात.

येथे ज्येष्ठांसाठी एक सूचना करणे अवश्य आहे. एडनच्या रीतीत भाजलेली कुरकुरीत कातडीही बारीक करून मांसात मिसळतात. चवीच्या दृष्टीने ती उत्तम, परंतु कवळी असणाऱ्याला किंवा हलणाऱ्या दातांना ती खड्यासारखी लागते. आपल्याबरोबर वडीलधारी व्यक्ती असेल तर कातडी न घातलेले मांस मिळेल का, हे मागणी नोंदवतानाच विचारावे. तसेच तेथे जेवणाबरोबर मिळणारा गार चहा खूपच गोड असतो. मधुमेही व्यक्तीने ‘अनस्वीट’ म्हणजे बिनसाखरेचा चहा मागावा.

पश्चिमेकडची वाट

आता रॉलीहून पश्चिमेकडे वळा. सुमारे दीड-पावणेदोन तासांच्या या रस्त्यावर जमीन चढउताराची होते आणि माती लाल होत जाते. कोकणातून आलेल्या माणसाला ही माती पाहून घरची आठवण व्हावी. हा पीडमाँटचा पट्टा. येथील लेक्सिंग्टन हे सुमारे वीस हजार वस्तीचे गाव एके काळी लाकडी सामानाच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध होते. १९१९ च्या सुमारास न्यायालयाच्या कामकाजासाठी खेड्यापाड्यांतून माणसे येत, तेव्हा सिड वीव्हर यांनी न्यायालयासमोर तंबू ठोकून शिजवलेले मांस विकायला सुरुवात केली. तंबूंची दुकाने झाली आणि दुकानांतून शिकलेल्या माणसांनी आपापली खाद्यगृहे काढली. वेन मंक यांचे १९६२ पासूनचे ‘लेक्सिंग्टन बार्बेक्यू’ हे त्यांतले सर्वांत नावाजलेले. १९८४ पासून येथे ऑक्टोबर महिन्यात बार्बेक्यूची जत्राच भरते.

लेक्सिंग्टनची रीत पूर्वेपेक्षा वेगळी. येथे अखंड जनावर नव्हे, तर केवळ खांदा शिजवतात. व्हिनेगरच्या पाण्यात थोडा टोमॅटो केचप पडतो. त्याला येथे ‘डिप’ म्हणतात. कोबीची कोशिंबीरही याच पाण्यात कालवतात, त्यामुळे ती पांढरी नसून लालसर दिसते. मागणी करताना मांस बारीक हवे, जाडसर हवे की कापे हवेत, हे आपणच सांगायचे असते. ही विचारपूस ज्येष्ठांच्या फार उपयोगाची आहे. एकाच चुलीवरचे, एकाच चवीचे मांस तरुण मुलगा कापांच्या रूपात घेतो आणि त्याचे ऐंशीचे वडील अगदी बारीक केलेले घेतात. पदार्थ बदलत नाही, केवळ त्याचा आकार बदलतो. वेगळ्या ताटाचा प्रश्न त्यांनी नकळत असा सोडवला आहे.

या राज्यात बार्बेक्यू ही केवळ खाद्यगृहाची वस्तू नाही. चर्चच्या इमारतीसाठी वर्गणी गोळा करायची असो, निवडणुकीचा प्रचार असो किंवा कुटुंबांचा मेळावा असो, रात्री चूल पेटते आणि दुसऱ्या दिवशी सगळा गाव एकत्र जेवतो. शार्लट शहराजवळच्या मॅलर्ड क्रीक येथील चर्चचा बार्बेक्यू १९२९ मध्ये सुरू झाला. अशा पंगतीत नातवंडे आणि आजी-आजोबा एकाच बाकावर बसून एकच पदार्थ खातात.

या चवीमागचा इतिहास मात्र सुखाचा नाही. ‘बार्बेक्यू’ हा शब्द कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांच्या भाषेतून स्पॅनिशमार्गे आला. स्पॅनिश सरदार दे सोतो याने १५३९ मध्ये फ्लोरिडात डुकरे आणली आणि पुढे ती दक्षिणेच्या रानांत पसरली. मोठ्या मळ्यांवर रात्रभर निखाऱ्यांपाशी जागून मांस शिजवण्याचे कष्टाचे काम गुलाम केलेल्या आफ्रिकी स्त्री-पुरुषांकडे होते. ही कला त्यांच्या हातांनी घडली आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकली. आज आपण जो मऊ घास खातो, त्यात त्यांचे जागरण आहे, हे विसरू नये.

वेळ नेमका काय करतो?

खांदा हा जनावराचा सतत काम करणारा भाग. त्यामुळे त्याचे स्नायू चिवट असतात आणि ते कोलॅजेन नावाच्या पांढऱ्या, बळकट धाग्यांनी बांधलेले असतात. असा तुकडा मोठ्या आचेवर झटपट भाजला तर चामड्यासारखा होतो. परंतु ओलसर उष्णतेत तो बराच वेळ राहिला तर कोलॅजेन विरघळून त्याचे जिलेटिन होते. पायांचा रस्सा फ्रिजमध्ये ठेवला की थिजून जेलीसारखा होतो, ते हेच जिलेटिन. बांधणारा धागा विरघळला की स्नायूंच्या रेषा आपोआप सुट्या होतात आणि जिलेटिन त्यांना ओलावा देते.

या शिजण्यात एक गंमत आहे. मांसाचे तापमान चढत चढत ६५ ते ७० अंश सेल्सियसच्या आसपास येते आणि तासन्‌तास तेथेच थांबते. चूल विझली की काय, अशी शंका नवख्याला येते. वास्तविक, मांसातून बाहेर येणारे पाणी वाफ होऊन उडताना उष्णता घेऊन जाते. उन्हाळ्यात माठातले पाणी ज्या कारणाने गार राहते, त्याच कारणाने मांस गरम होईनासे होते. ही घाई करण्याची वेळ नव्हे. पुढे तापमान पुन्हा चढते आणि ९३ ते ९५ अंशांवर खांदा पिंजण्याजोगा होतो. झाकण असलेल्या भांड्यात वाफ कोंडलेली असल्यामुळे हा थांबा फारसा जाणवत नाही. घरच्या स्वयंपाकाला ते सोयीचेच आहे.

घरी निखाऱ्यांची भट्टी कोण पेटवणार? अमेरिकेतील घराघरांत हे काम विजेचा स्लो कुकर करतो. त्याचीही कथा वडीलधाऱ्यांशी जोडलेली आहे. शिकागोचे संशोधक अर्विंग नॅक्सन यांनी आपल्या आईकडून लिथुएनियातील जुन्या आठवणी ऐकल्या होत्या. तेथील ज्यू कुटुंबे शब्बाथच्या आदल्या सायंकाळी उसळीसारख्या रश्श्याचे भांडे बेकरीच्या भट्टीत ठेवत आणि ते दुसऱ्या दिवसापर्यंत मंद उष्णतेत शिजे. त्यावरून नॅक्सन यांनी विजेवर चालणारे भांडे तयार केले. १९४० मध्ये त्यांना त्याचे पेटंट मिळाले. पुढे १९७१ मध्ये ‘क्रॉक-पॉट’ या नावाने ते बाजारात आले आणि घरोघरी पोहोचले.

शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीला या भांड्याचा मोठा आधार वाटतो. सकाळी साहित्य घालून झाकण लावले की दिवसभर चुलीपाशी उभे राहावे लागत नाही. रुग्णाचे अंग पुसणे, औषधे देणे, थोडा वेळ पाठ टेकणे, हे सर्व त्या वेळात होते. स्मृतिभ्रंश असलेली व्यक्ती घरात असेल तर उघड्या ज्योतीची चिंताही नसते. मात्र भांडे ओट्याच्या काठापासून आत ठेवावे आणि वायर लोंबकळू देऊ नये.

घरच्या स्वयंपाकघरात

पुढील प्रमाण दहा लहान वाटपांचे आहे. जे परदेशी आहेत त्यांनी दुकानात ‘बॉस्टन बट’ या नावाने खांद्याचा वरचा भाग मागावा. भारतात विश्वासाच्या शीतगृहातून किंवा खाटकाकडून खांद्याचे मांस घ्यावे.

साहित्य : हाडाविना खांद्याचे मांस दीड किलो, मीठ दोन सपाट छोटे चमचे (सुमारे १० ग्रॅम), मिरपूड एक छोटा चमचा, सौम्य लाल तिखट दोन छोटे चमचे, गूळ एक मोठा चमचा, दोन कांदे, सहा लसूण पाकळ्या, पाणी अर्धी वाटी.

व्हिनेगरच्या पाण्यासाठी : सफरचंदाचे व्हिनेगर एक वाटी, पाणी पाव वाटी, साखर एक छोटा चमचा, कुटलेली लाल मिरची अर्धा छोटा चमचा, मिरपूड चिमूटभर. लेक्सिंग्टनची चव हवी असल्यास केचप दोन मोठे चमचे. हे सर्व एकदा उकळून गार करावे आणि बाटलीत भरून रात्रभर मुरू द्यावे.

कृती : १. मांस गोठलेले असल्यास आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून पूर्ण सुटू द्यावे. गोठलेला गोळा स्लो कुकरमध्ये कधीही घालू नये. तो जंतू वाढण्याजोग्या तापमानात फार वेळ राहतो.

२. मांसाचे दोन-तीन मोठे तुकडे करून त्यांना मीठ-मसाला व गूळ चोळावा. कच्च्या मांसाची पाटी आणि सुरी वेगळी ठेवावी. काम झाल्यावर ती आणि हात साबणाने धुवावेत.

३. भांड्याच्या तळाशी कांद्याचे काप व लसूण पसरून वर मांस ठेवावे आणि पाणी घालावे. भांडे अर्ध्यापेक्षा कमी किंवा दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये. मंद खुणेवर सुमारे आठ तास शिजवावे. मधून मधून झाकण उघडू नये, कारण कोंडलेली उष्णता निघून जाते.

४. स्लो कुकर नसल्यास जड बुडाच्या झाकणाच्या भांड्यात ओव्हनमध्ये १५० अंशांवर सुमारे चार तास लागतात. आपला प्रेशर कुकरही उत्तम काम करतो. मुठीएवढे तुकडे आणि दीड वाटी पाणी घालून वाफ धरल्यावर मंद आचेवर पन्नास ते साठ मिनिटे ठेवावे. मग वाफ आपोआप जिरू द्यावी.

५. काटा खुपसून किंचित फिरवताच रेषा सुट्या झाल्या तर मांस तयार झाले असे समजावे. काटा अडत असेल तर आणखी वेळ द्यावा. चिवटपणा हा बहुधा कमी शिजल्याचाच पुरावा असतो.

६. मांस बाहेर काढून वीस मिनिटे निवू द्यावे आणि दोन काट्यांनी पिंजावे. चरबीचे मोठे गोळे काढून टाकावेत. ज्येष्ठांचा वाटा पाटीवर घेऊन रेषांना आडवा छेद देत सुरीने बारीक करावा. लांब रेषा कवळीखाली अडकतात आणि गिळताना घशाशी रेंगाळतात. आखूड रेषा तसे करीत नाहीत.

७. भांड्यातला रस गाळून फ्रिजमध्ये ठेवावा. काही तासांत वर चरबीचा पांढरा थर जमतो, तो उचलून टाकावा. खालचा चरबीमुक्त रस वाढताना मांसात मिसळून दोन्ही वाफ येईपर्यंत गरम करावे. एक दिवस आधी करून ठेवल्यास हे काम सहज साधते.

वाढण्यासाठी मऊ बन किंवा पाव, त्यावर मांस, व्हिनेगरचे पाणी एक-दोन चमचे आणि वर बारीक चिरलेल्या कोबीची कोशिंबीर. ज्यांना कच्चा कोबी चावत नाही, त्यांच्यासाठी तो उकळत्या पाण्यात तीन मिनिटे बुडवून निथळून घ्यावा. रक्त पातळ होण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी कोबीचे प्रमाण एकाएकी वाढवू नये. त्यातील ‘के’ जीवनसत्त्वाचा त्या औषधावर परिणाम होतो.

उरलेले मांस दोन तासांच्या आत उथळ डब्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवावे. आपल्या कडक उन्हाळ्यात हा अवधी एक तासाचाच धरावा. तीन ते चार दिवसांत संपवावे आणि प्रत्येक वेळी खाण्यापुरतेच काढून चांगले गरम करावे. ज्येष्ठांना अन्नविषबाधा तरुणांपेक्षा जड जाते, म्हणून येथे काटकसरीपेक्षा सावधपणा बरा.

ज्येष्ठांच्या ताटात

शिजल्यावर दीड किलोचे सुमारे ९०० ग्रॅम मांस उरते. दहा वाटे केले तर प्रत्येकी ९० ग्रॅम. त्यातून सुमारे २० ग्रॅम प्रथिने मिळतात. तज्ज्ञांच्या मते निरोगी ज्येष्ठांना दररोज प्रतिकिलो वजनामागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने हवीत. म्हणजे ५५ किलो वजनाच्या आजींना ५५ ते ६६ ग्रॅम. एक वाटी पातळ वरणातून चार-पाच ग्रॅमच मिळतात, हे लक्षात घेतले म्हणजे नुसत्या मऊ भात-वरणावर ही गरज का भागत नाही, ते स्पष्ट होईल. मात्र मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे. रक्तातील युरिक आम्ल वाढलेले असेल किंवा संधिवाताचा तो प्रकार असेल, तर वाटा लहान ठेवून डॉक्टरांना विचारावे.

मिठाचा हिशोबही करू. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवले आहे. वरील कृतीत प्रत्येक वाट्याला सुमारे १ ग्रॅम मीठ येते. एका बनमध्ये साधारण अर्धा ग्रॅम असते. म्हणजे एका सँडविचमधून दीड ग्रॅम. बाजारातील बाटलीबंद बार्बेक्यू सॉस ओतला तर हा हिशोब बिघडतो, शिवाय दोन मोठ्या चमच्यांमागे दहा-बारा ग्रॅम साखरही पोटात जाऊ शकते. वय वाढते तशी गंध आणि चव यांची जाण मंदावते आणि माणूस मीठ मागू लागतो. अशा जिभेला व्हिनेगरचा आंबटपणा जागे करतो, आणि मीठ न वाढवता घास चवदार लागतो. ज्यांना आम्लपित्ताचा त्रास आहे किंवा तोंडात फोड आहेत, त्यांच्यासाठी मात्र व्हिनेगर निम्मे करून त्या जागी मांसाचा रस वापरावा.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट गिळण्याची. चावण्याची अडचण आणि गिळण्याची अडचण या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दात नसणाऱ्याला बारीक, ओलसर मांस बहुधा चालते. परंतु पक्षाघात, पार्किन्सन किंवा पुढच्या टप्प्यातील स्मृतिभ्रंश यांमुळे ज्यांची गिळण्याची क्रिया बिघडली आहे, त्यांना पाव आणि रेषेदार मांस दोन्ही धोक्याची असतात. पावाचा लगदा होऊन तो घशात चिकटू शकतो. जेवताना वारंवार खोकला येणे, गिळल्यावर आवाज ओलसर किंवा घरघरता होणे, घास गालात साठून राहणे, ही लक्षणे दिसली तर सँडविच देऊ नये आणि डॉक्टरांचा अथवा गिळण्याच्या उपचारतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.

त्यांनी बारीक आणि ओलसर अन्नाची परवानगी दिली, तर मांस चार मिलिमीटरपेक्षा बारीक करावे, म्हणजे काट्याच्या दोन दात्यांमधल्या फटीतून जाईल एवढे. ते दाट रसात कालवून उकडून कुस्करलेल्या रताळ्याबरोबर द्यावे. पूर्व कॅरोलिनाच्या शेतांतले रताळे येथे पावाची जागा घेते आणि चवही त्याच मुलखाची राहते. मधुमेह असल्यास रताळे अर्धी वाटीच घ्यावे. व्यक्तीला पाठ सरळ करून बसवावे, घास लहान द्यावा, आधीचा घास गिळल्याची खात्री करून पुढचा द्यावा. जेवणानंतर अर्धा तास तरी आडवे होऊ देऊ नये.

आपल्या मुलखाचे नाते

डुकराचे मांस, व्हिनेगर आणि पाव हे त्रिकूट आपल्याला परके नाही. गोव्यातील ख्रिस्ती घरांत सणासुदीला होणारे सोरपोतेल माडाच्या व्हिनेगरमध्ये मुरते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अधिक चवदार लागते. मुंबई-वसईच्या ईस्ट इंडियन समाजातील इंद्याल हाही त्याच घराण्यातला. तेथेही आंबटाने मांसाला चव दिली आणि पोर्तुगीजांनी रुजवलेल्या पावाने ते सर्वांच्या हाती दिले. अशा घरांतून वाढलेल्या ज्येष्ठांना कॅरोलिनाचे सँडविच पहिल्या घासालाच ओळखीचे वाटेल.

धर्माने, रीतीने किंवा आवडीने ज्यांना हे मांस चालत नाही, त्यांनी कृती तीच ठेवून कोंबडीच्या मांडीचे मांस घ्यावे. स्लो कुकरमध्ये मंद खुणेवर त्याला पाच-सहा तास पुरतात. बोकडाच्या खांद्याचे मांसही असेच मऊ होते. शाकाहारी घरांसाठी कच्च्या फणसाचे गरे हा उत्तम पर्याय आहे. अमेरिकेतही आता बार्बेक्यूसाठी फणस वापरतात, कारण शिजल्यावर तो तशाच रेषांनी सुटा होतो. पण येथे फसू नये. फणसाचा पोत मांसासारखा असला तरी प्रथिने शंभर ग्रॅममागे दोन-तीन ग्रॅमच असतात. म्हणून त्याच्याबरोबर कुस्करलेले पनीर, शिजवून ठेचलेला राजमा किंवा घट्ट दही अवश्य द्यावे.

वाचकहो, आपण कॅरीला जाल तेव्हा एक दिवस मुलांना पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे गाडी काढायला सांगा. जाणे शक्य नसेल तर पुढच्या रविवारी सकाळी घरीच भांडे चढवा. दुपार उलटेपर्यंत घरभर वास पसरेल आणि ज्यांना हल्ली भूक लागत नाही, तेही एकदा स्वयंपाकघरात डोकावून जातील. मग मुलांना पिंजलेले, आजोबांना बारीक केलेले आणि गरज असेल तर आजीला रताळ्यात कालवलेले, असे एकाच भांड्यातून सर्वांना एकाच वेळी वाढा. आजी-आजोबांना मात्र त्या दिवशी आधी जेवू घालू नका. सर्वांबरोबर पंगतीला बसवा.